मासे नंतर, आधी जिवाणू: नवी टाकी सायकल करण्याची पूर्ण रीत

नवी टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय आणि कधी एकदा मासे सोडतो असं झालंय. नेमकं याच वेळी थांबायचं असतं. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मी थांबलो नव्हतो. ‘एक दिवस फिल्टर चालवा, मग मासे सोडा’ असं मला सांगितलं गेलं आणि मी तसंच केलं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले, कल्ले लालभडक झाले. पाणी तेव्हाही तितकंच नितळ होतं. आठवड्याच्या आत सहापैकी चार मासे गेले. ते कशाने गेले हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले, आणि कळलं तेव्हा वाईट याचं वाटलं की ते सहज टाळता आलं असतं.

म्हणून टाकी ‘सायकल’ करण्याची, म्हणजे माशांच्या अमोनियाचा निकाल लावणारे जिवाणू मासे सोडण्याआधीच फिल्टरमध्ये वाढवण्याची, ही सगळी रीत सविस्तर लिहितोय. ती अवघड नाही. हवेत चार ते सहा आठवडे, एक चांगलं टेस्ट किट आणि रोजची दहा मिनिटं.

टाकीत नेमकं काय घडतं

माशाने खाल्लेल्या प्रथिनांमधला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात शरीराबाहेर पडतो, आणि त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे थेट पाण्यात जातो. त्यामुळे तळाची घाण रोज उपसली तरी मासा जिवंत आहे तोवर अमोनिया तयार होतच राहणार. उरलेलं खाद्य आणि कुजलेली पानं यांची भर वेगळी. नदी-तलावात तो अफाट पाण्यात विरून जातो; चार काचांच्या आत तो साचतो.

हा अमोनिया दोन पायऱ्यांनी निकालात निघतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच आहे. ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बऱ्यापैकी सोसतं, आणि पाणी बदलून ते काढताही येतं. या दुसऱ्या पायरीचं श्रेय जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टरला दिलेलं आढळतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. २०१५ साली तर दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायराही सापडले.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरचा स्पंज, सिरॅमिक रिंग्ज, खडी, काच. ‘पाणी मुरू द्या’ हा सल्ला म्हणूनच दिशाभूल करतो. मुरवायचा असतो तो फिल्टर. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी महिनाभर फिरत ठेवलं, तरी त्यात अमोनिया नसेल तर जिवाणूंना खायला काही नाही आणि ते वाढणारही नाहीत. महिन्यानंतरही ती टाकी पहिल्या दिवसाइतकीच कोरी असते.

दुसरी गोष्ट त्यांच्या वेगाची. सडवणारे साधे जिवाणू चांगल्या परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. आपल्याला हवे असलेले जिवाणू दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात, कधी त्याहूनही जास्त. हे एक वाक्य लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या वाट बघण्याचा अर्थ लागतो.

तयारी

टाकी, खडी किंवा वाळू, दगड, लाकूड, फिल्टर, हीटर हे सगळं कायमचं जसं राहणार तसं लावून घ्या. फिल्टर कोणत्याही प्रकारचा चालेल, पण त्यात जिवाणूंना बसायला जागा हवी. छोट्या टाकीला जाडसर स्पंज फिल्टर उत्तम. मोठ्या फिल्टरमध्ये स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज भरा. दर महिन्याला बदलायची कार्ट्रिज मिळतात त्यांच्या भरवशावर राहू नका. कार्ट्रिज फेकली की महिनाभर वाढवलेले जिवाणूही कचऱ्यात जातात.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, त्यामुळे पाणी भरताना अँटी-क्लोरीन घाला. नुसतं क्लोरीन असेल तर एअर स्टोन लावून पाणी दिवसभर ठेवलं तरी ते उडून जातं. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी घालतात ते क्लोरामाइन मात्र तसं उडत नाही. आपल्या नळाला दोन्हींपैकी काय येतं हे ठाऊक नसेल तर दर वेळी अँटी-क्लोरीन वापरणंच बरं.

हीटर २६ ते २८ अंश सेल्सिअसवर ठेवा. थंड पाण्यात हेच काम होतं, फक्त फार रेंगाळतं. एअर पंप चोवीस तास चालू हवा, आणि हे मी नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. आपण एका वेळी २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया घालणार आहोत. तेवढ्याचं पूर्ण नायट्रेट व्हायला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. २८ अंशांच्या पाण्यात मुळात मावतो तोच जेमतेम आठ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मात्रेला जवळजवळ अख्ख्या टाकीतला प्राणवायू खर्ची पडतो आणि तो वरून सतत भरून यावा लागतो. फिल्टरच्या धारेने पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील असं बघा.

दिवे बंद ठेवा. या जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो. जिवंत वनस्पती लावल्या असतील तर सहा तास पुरे. यूव्ही दिवा असेल तर या काळात तोही बंद.

किट आणि केएच

टेस्ट किटशिवाय सायकल करणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या हव्यातच, केएच मोजता आला तर फार चांगलं. पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट घ्या. पट्ट्यांवरचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि कित्येक पट्ट्यांवर अमोनिया असतच नाही. किटमधला कागद नीट वाचा. काही किट अमोनिया आणि नायट्राइट सरळ दाखवतात, काही फक्त त्यांतला नायट्रोजन दाखवतात. नायट्रोजन म्हणून दाखवलेलं १ नायट्राइट म्हणजे प्रत्यक्षात ३.३, आणि तसंच दाखवलेलं १ नायट्रेट म्हणजे ४.४. हे ध्यानात न घेता दोन माणसांनी आकडे ताडून पाहिले की नाहक गोंधळ होतो. नायट्रेटच्या किटमध्ये बहुतेक वेळा एका बाटलीच्या तळाशी साका बसतो. ती बाटली कागदावर लिहिलेला वेळ खरोखर जोरात हलवली नाही तर नायट्रेट शून्य दिसतं, आणि माणूस उगाच हवालदिल होतो.

आता केएच. नव्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या पाहण्यात सायकल सगळ्यात जास्त वेळा इथेच अडते. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, ते हे क्षार शोषून घेतात आणि पीएच जागेवर राहतो. २ पीपीएमच्या एका मात्रेमागे साधारण ०.६५ अंश केएच खर्च होतो. दहा मात्रा घातल्या तर साडेसहा अंश. तुमच्या पाण्याचा केएच मुळातच ३ असेल तर तो अर्ध्या वाटेवर संपणार, पीएच एकदम कोसळणार, आणि पीएच ६.५ च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. ६ च्या खाली त्यांचं काम जवळपास थांबतंच. म्हणून सुरुवातीला केएच मोजा आणि तो ४ च्या खाली जाऊ देऊ नका. वाढवायचा असेल तर साधा खाण्याचा सोडा घ्या: १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने केएच १ अंशाने वाढतो. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. आरओचं पाणी वापरणाऱ्यांनी तर हे पहिल्याच दिवशी करावं, कारण त्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच. पीएच ७ ते ८ च्या दरम्यान असला की काम छान चालतं.

अमोनिया कुठून आणायचा

तीन वाटा आहेत. माझी पसंती पहिलीला.

अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. मात्र तो शुद्ध, प्रयोगशाळेत वापरतात त्या दर्जाचा घ्या. खडे किंवा बार म्हणून जो मिळतो त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नसतो. ६ ग्रॅम नवसागर थोड्या पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रावण १०० मिलिलिटर करा. या द्रावणाचा १ मिलिलिटर १० लिटर पाण्यात घातला की अमोनिया २ पीपीएम होतो. हिशेब लक्षात ठेवायला इतका सोपा आहे की दर वेळी डोकं चालवावं लागत नाही. बाटलीवर ठळक चिठ्ठी लावा आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

टाकीत खरोखर किती पाणी आहे तेही एकदा मोजा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३२ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेली टाकी: तिघांचा गुणाकार भागिले १०००, म्हणजे ५७.६ लिटर. त्यातून खडी-दगडांची जागा वजा केली की ५० लिटर धरायला हरकत नाही. मात्रा झाली ५ मिलिलिटर. अर्ध्या तासाने चाचणी करा आणि आकडा २ च्या जवळ आहे ना ते पाहा.

दुसरी वाट सफाईसाठी मिळणाऱ्या अमोनियाच्या द्रावणाची. त्यात वास, रंग, साबण यांतलं काही नको. बाटली हलवून पाहा. फेस येऊन टिकला तर ती टाकीसाठी नाही. द्रावण किती तीव्र आहे ते बाटलीगणिक बदलतं, म्हणून थोडं थोडं घालत आणि मोजत जावं लागतं. आणि ते ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

तिसरी वाट म्हणजे रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकणं. ते कुजलं की अमोनिया होतो. काहीच मिळत नसेल तर ही रीत चालते, पण किती अमोनिया आणि कधी हे आपल्या हातात राहत नाही, बुरशी धरते, वास येतो. मेलेली कोळंबी टाकण्याचंही तसंच.

टाकीत जिवंत मासे ठेवून त्यांच्याच अमोनियावर सायकल करण्याची जुनी प्रथा आहे. ‘चिवट’ म्हणून काही मासे त्यासाठी बळी दिले जातात. ते जगले तरी त्यांचे कल्ले भाजतात. नवसागराची एक छोटी बाटली हे काम कोणालाही इजा न करता करत असताना त्या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिला टप्पा: अमोनिया उतरेपर्यंत

पहिल्या दिवशी मात्रा घालून २ पीपीएम करा. जास्त घातलं की लवकर होईल असं वाटतं, पण ५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की तो जिवाणूंनाच, विशेषतः दुसऱ्या गटाला, जड जातो. चुकून जास्त पडलाच तर अर्धं पाणी बदलून टाका.

मग काही दिवस काहीच होत नाही. दिवसाआड अमोनिया मोजत राहा, वहीत तारीख आणि आकडा लिहा. वही खरंच ठेवा. रोजचा एकेक आकडा गप्प असतो, पंधरा दिवसांचे आकडे एकाखाली एक आले की बोलायला लागतात. याच सुमारास पाणी दुधाळ होऊ शकतं. ते दुसऱ्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होतं आणि चार-आठ दिवसांत आपोआप निवळतं. घाबरून टाकी रिकामी करू नका, फिल्टर धुऊ नका.

साधारण एक ते दोन आठवड्यांत अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइटचा रंग पहिल्यांदा दिसतो. पहिल्या गटाने घर केलं याची ही खूण. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत भरा. असं करत करत एक दिवस असा येतो की आज घातलेला अमोनिया उद्या शून्य झालेला असतो. इथे बरेच जण सायकल झाली असं समजून मासे आणतात. तेव्हा टाकीत नायट्राइट सर्वाधिक असतं.

दुसरा टप्पा: नायट्राइट

हा टप्पा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१ पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट होतं. म्हणजे आपल्या एका मात्रेतून ५.४. बहुतेक किटांची रंगपट्टी ५ वर संपते. तीन मात्रांनंतर खरा आकडा पंधराच्या वर असतो, आणि किटमध्ये रोज तोच गडद जांभळा रंग. तो तसाच दिसत राहतो म्हणून वाटतं की काहीच हलत नाहीये, प्रत्यक्षात आकडा खाली येत असतो पण पट्टीच्या बाहेर. हे तपासायचं असेल तर टाकीचं १ मिलिलिटर पाणी शुद्ध किंवा आरओच्या ९ मिलिलिटर पाण्यात मिसळून चाचणी करा आणि आलेला आकडा दहाने गुणा. मला या एका युक्तीने जितका धीर दिला तितका दुसऱ्या कशाने दिला नाही.

या काळात अमोनिया रोज पूर्ण मात्रेत घालू नका. दोन-तीन दिवसांतून एकदा १ पीपीएम पुरे, पहिला गट तेवढ्यावर जिवंत राहतो. नायट्राइट फारच चढलं असेल तर अर्धं पाणी बदला, अँटी-क्लोरीन आणि तापमान सांभाळून. ‘सायकल चालू असताना पाणी बदलू नये’ असं ठासून सांगितलं जातं, पण जिवाणू स्पंजवर आणि खडीवर बसलेले असताना पाणी काढल्याने ते जात नाहीत. उलट नव्या पाण्याबरोबर केएचही भरून येतो.

आठवड्यातून दोनदा पीएच बघा. तो घसरायला लागला की समजा केएच संपत आला. सोडा घाला किंवा पाणी बदला. पण एक सावधगिरी: पीएच खूप खाली गेला असेल आणि टाकीत मासे असतील तर सोडा घालून तो एकदम वर नेऊ नका. कमी पीएचला बहुतांश अमोनिया अमोनियम या बऱ्याच सौम्य रूपात असतो. २५ अंशांना पीएच ७ असताना त्यातला जेमतेम ०.६ टक्का मोकळा, विषारी अमोनिया असतो. पीएच ८ ला तोच सुमारे ५ टक्क्यांवर जातो. रिकाम्या टाकीत ही चिंता नाही, म्हणून तर रिकाम्या टाकीत सायकल करायची.

आणखी एक बारीकसा अडसर. नुसत्या नवसागरात फक्त नायट्रोजन आहे, जिवाणूंना थोडं फॉस्फेटही लागतं. फार मऊ किंवा आरओच्या पाण्यात नायट्राइट दोन-तीन आठवडे हटतच नसेल तर माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकून पाहा. कित्येकदा तेवढ्याने गाडी सुटते.

आणि मग ते एकाएकी होतं. जिवाणू दिवसाला दुप्पट होत असतील तर दहा दिवसांत हजारपट होतात. काम रोज दुप्पट होत आलेलं असतं, आपल्याला दिसतात ते फक्त शेवटचे दोन-तीन दिवस. काल जांभळं असलेलं नायट्राइट आज फिकट आणि उद्या निळं. माझ्या वहीत एका टाकीचे एकोणीस दिवस सलग ‘५+’ असे आहेत आणि विसाव्या-एकविसाव्या दिवसात ते ० वर आलंय.

झालं हे कसं ओळखायचं

दिनदर्शिका पाहून नाही. सहा आठवडे झाले म्हणून सायकल झाली असं होत नाही, आणि तीन आठवड्यांत होणार नाही असंही नाही. कसोटी एकच: २ पीपीएम अमोनिया घाला, बरोबर चोवीस तासांनी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वाढलेलं. एकदा असं आलं तर लगेच दुकानाकडे धावू नका. लागोपाठ तीन दिवस तीच मात्रा घालून तोच निकाल येऊ द्या. अमोनिया शून्य पण नायट्राइट ०.२५ असं आलं तर अजून झालेलं नाही, आणखी तीन-चार दिवस द्या.

लवकर उरकायचं असेल तर

खात्रीची युक्ती एकच आहे: मुरलेल्या टाकीतला स्पंज किंवा रिंग्ज. ओळखीच्या कोणाची टाकी वर्ष-सहा महिने नीट चालली असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा, सुकू देऊ नका, पिशवीत हवा राहू द्या, आणि काही तासांच्या आत आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. तुकडा मोठा असेल तर काम आठवड्या-दोन आठवड्यांवर येतं. तुकडा द्यायला ते तयार नसतील तर त्यांच्या स्पंजाचं पिळलेलं तपकिरी पाणी आपल्या फिल्टरवर ओता, त्याचाही उपयोग होतो. जुन्या टाकीतलं नुसतं पाणी आणून काही मिळत नाही. मात्र त्या टाकीत रोग नाही ना हे आधी विचारा. पांढरे ठिपके, गोगलगायी, सगळं स्पंजाबरोबर येऊ शकतं.

बाटलीतले जिवाणू कधी चांगले निघतात, कधी त्या बाटलीत जिवंत असं काही उरलेलंच नसतं, कारण उन्हात पडलेली किंवा मुदत संपलेली बाटली आतून मेलेली असते. वापरा हवं तर, पण बाटलीवर ‘त्याच दिवशी मासे सोडा’ असं लिहिलं असलं तरी वरची चोवीस तासांची कसोटी चुकवू नका.

भरपूर वेगाने वाढणाऱ्या वनस्पती लावल्या तर त्या अमोनियम थेट शोषून घेतात आणि जिवाणूंचा भार हलका होतो. हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती यांचा या कामात हात कोणी धरणार नाही. तशा टाकीत आकडे जरा वेगळे दिसतात: नायट्राइट फारसं चढत नाही, नायट्रेटही कमी. वनस्पतींसाठी मिळणारी सुपीक माती तळाला घातली असेल तर ती स्वतःच सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते. अशा टाकीत मात्रा घालण्याआधी मोजा, कदाचित घालायची गरजच पडणार नाही.

मासे सोडण्याचा दिवस

कसोटी उतरल्यावर नायट्रेट मोजा. एका मात्रेतून सुमारे ७ पीपीएम नायट्रेट होतं, म्हणजे दहा-बारा मात्रांनंतर ते ७०-८० च्या घरात असणार. पाऊणभर पाणी बदला, ८० चं २० होईल. नवं पाणी त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन घातलेलं. केएच आणि पीएच पुन्हा एकदा बघा.

मासे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडा. उशीर होणार असेल तर दर दोन दिवसांनी १ पीपीएम अमोनिया चालू ठेवा, नाहीतर जिवाणू उपाशी पडून मंदावतात. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तिच्यात टाकीचं पाणी थोडं थोडं मिसळा, मग मासे जाळीने काढून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

सगळे मासे एकाच दिवशी आणण्याचा मोह होतो. २ पीपीएम पेलणारा फिल्टर बराच भार उचलतो, तरी मी आधी निम्मे आणतो आणि दोन आठवड्यांनी उरलेले. मासे नव्या जागेत बावरलेले असतात, अशात पाण्यानेही दगा देऊ नये. पहिले तीन दिवस खाद्य अगदी थोडं, दिवसातून एकदा. पहिला आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. ०.२५ जरी दिसलं तरी त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला.

मासे आधीच टाकीत आहेत?

हा लेख अनेकांना मासे सोडल्यावर सापडेल, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. अजून पुष्कळ काही करता येतं. खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर करा, निरोगी मोठा मासा काही दिवस कमी खाऊन सहज राहतो. रोज मोजा, अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ च्या वर गेले की पाव ते अर्धं पाणी बदला, रोज बदलावं लागलं तर रोज. अमोनिया काही काळ बांधून ठेवणारी औषधं मिळतात, ती पाणी बदलताना घाला. मात्र ती घातल्यावरही किटमध्ये अमोनिया दिसू शकतो, त्याने गोंधळू नका. नायट्राइट चढलं असेल तर थोडं साधं मीठ मदतीला येतं, कारण त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. १० लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करा, ते वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला. हवा जास्तीत जास्त द्या. आणि मुरलेला स्पंज कुठून मिळत असेल तर आजच आणा.

फिल्टर धुताना

महिनाभर खपून वाढवलेले जिवाणू एका सकाळी नळाखाली मारले जातात, असं फार वेळा घडतं. फिल्टरची धार मंदावली की टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा पिळा, बस. तो पुन्हा पांढराशुभ्र करायचा नाही. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी धुऊ नका, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. स्पंज झिजून बदलायची वेळ आली तर नवा स्पंज जुन्याशेजारी महिनाभर ठेवा आणि मगच जुना काढा.

वीज गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत प्राणवायूवाचून मरायला लागतात. वीज बराच वेळ येणार नसेल तर डबा उघडून रिंग्ज टाकीच्या पाण्यात पसरून ठेवा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप लावा. बरेच तास बंद राहिलेला डबा तसाच सुरू केला तर त्यातलं कुजकं पाणी टाकीत येतं, म्हणून आधी ते ओतून टाका, आणि पुढचे चार दिवस पुन्हा रोज अमोनिया मोजा.